टिकलीभोवतीची मोकळी जागा

बाईंना कशाचीच भीती वाटत नाही, असा आमच्या गल्लीत समज होता. लातूरला कॉलेजात असताना मी त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. एकदा मोरीत साप निघाला. बाईंनी तो चिमट्यानं धरून बादलीत टाकला, बादलीवर पाट ठेवला आणि सर्पमित्र येईपर्यंत त्या पाटावर बसून मेथी निवडली. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच वारलेला, मूलबाळ नाही, बाई एकटी. पण घराला कुलूप लावायला हमखास विसरत. आठवण केली तर म्हणत, "चोराला न्यायला काय हाय माझ्याकडं? आला तर चहा पिऊन जाईल."

या बाईंना भीती वाटायची ती कागदाच्या एका टिकलीची.

बाई एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. पेशंटचा पू, लघवी, रक्त, जे येईल त्यातले जंतू काचेच्या चपट्या बशीत वाढवायचे, त्यांच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, हे त्यांचं काम. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत. तिथं गोल मोकळी जागा राहते. ती पट्टीनं मोजायची आणि डॉक्टरला कळवायचं, हे औषध चालेल, हे चालणार नाही. तीस वर्षं बाईंनी ही मोकळी जागा मोजली.

"डॉक्टरला नुसता कागद जातो," त्या मला म्हणाल्या होत्या. "मी ते वर्तुळ डोळ्यानं बघितलंय. नोकरीला लागले तवा एवढं असायचं." त्यांनी अंगठा आणि बोट चांगलं फाकवून दाखवलं. "मग एवढं. मग एवढं." बोटं जवळ जवळ येत गेली.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काही टिकल्यांना जंतू अगदी काठाला येऊन टेकलेत. गवतात बटण पडावं तशी दिसती टिकली." एवढं बोलून त्यांनी हात पदराखाली घेतला. 

मोजायची सवय इतकी अंगात मुरली होती की गोल दिसलं की बाई आकडा बोलून जात. भाकरी तव्यावर टाकताना "एकशे ऐंशी." माझ्या कपाचा ओला गोल टेबलावर उमटला की "पासष्ट, आणि पुसून घे." एकदा शेजारच्या लग्नात नवरीच्या कपाळावरची टिकली बघून त्या पटकन "सहा मिलिमीटर" म्हणाल्या. प्रयोगशाळेतली टिकलीही सहाच मिलिमीटरची असते. जेवायच्या पंगतीतून त्या कुणाला न सांगता उठून घरी आल्या.

भाडेकरूंना त्यांचा जाच होता, खरं सांगायचं तर. आमच्या खोल्यांतला केर त्या स्वतः बघत. मला एकदा ताप आला. मित्राकडं कसल्याशा गोळ्यांची पट्टी उरली होती, त्यातल्या तीन घेतल्या, बरं वाटलं, बाकीची पट्टी केरात टाकली. दुपारी बाईंनी जेवायला बोलावलं. ताटात भाकरी, वरण, ठेचा आणि मधोमध ती पट्टी.

"कुणी सांगितली ही गोळी?"

"मित्रानं दिली."

"मित्र डॉक्टर हाय?"

"न्हाई. बी.ए.ला हाय."

"सर्दीचा ताप होता तुझा. दोन दिवसांत आपोआप उतरला असता. त्याला ह्या गोळीचा काही उपयोग न्हाई. पण तुझ्या पोटातले जंतू ही गोळी ओळखायला शिकले. शाळा आपण चालवून राहिलो, अन् पास ते होऊन राहिले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जंतूंना मी भीत न्हाई रे. माणसाच्या घाईला भिते."

त्यांना जंतूंचं वावडं नव्हतंच. उलट विरजणाच्या भांड्याशी त्या लाडानं बोलत. ताकातल्या जिवाणूंना "आमची पलटण" म्हणत. "चांगल्यांनी जागा धरली की वाइटाला बसायला जागा उरत न्हाई. एस.टी.त असतं तसं." आणि एस.टी.चं त्यांना चांगलं ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर बाई बर्फाचा डबा घेऊन गावोगाव हिंडायला लागल्या. दवाखान्यात येणारे हे हट्टी जंतू येतात कुठून, हा प्रश्न त्यांना नोकरीभर छळत होता, आणि पेशंटांना विचारून विचारून त्यांनी एक गोष्ट ताडली होती: गोळी कधी न घेतलेली माणसंसुद्धा ते घेऊन येत होती. त्यांतली बरीच कोंबड्यांच्या शेडवर, गोठ्यात नाही तर मासळीच्या तळ्यावर राबणारी. मग बाई निघाल्या. कधी माहेरच्या मुखेडला, कधी इस्लापूरकडं, कधी रेणापूर भागात. जिथं शेड दिसेल तिथं उतरायचं, पाणी आणि कोंबड्यांखाली अंथरलेलं तूस बाटलीत भरायचं आणि लातूरला एका जुन्या सहकाऱ्याच्या छोट्या लॅबमध्ये मिळालेल्या टेबलावर तपासायचं. कंडक्टरनं "बाई, डब्यात काय हाय?" विचारलं की त्या सरळ "गटाराचं पाणी" म्हणत. शेजारचा माणूस उठून जाई. बाई खिडकीला सरकून ऐसपैस बसत.

असंच एक दिवस त्या माझ्या शेतावर उतरल्या.

मी बी.एस्सी. होऊन नोकरी न मिळाल्यानं रेणापूरजवळ आमच्या रानात कोंबड्यांची शेड टाकली होती. तीन हजार पक्षी. शेडच्या खालच्या अंगाला शेततळं, त्यात रोहू, कटला आणि तिलापिया. शेडमधली विष्ठा आणि तूस तळ्यात जायचं, त्यावर तळ्यात शेवाळ वाढायचं, ते मासे खायचे. काहीच वाया जात नाही, म्हणून लोक बघायला येत. मी पण कौतुकानं दाखवत असे. त्या दिवशी बाईंना दाखवत होतो.

बाई पाण्याच्या टाकीजवळ थांबल्या. टाकीच्या कठड्यावर पांढऱ्या पावडरीची पिशवी होती.

"कोण आजारी हाय?"

"कुणीच न्हाई, बाई. आजारी पडू नयेत म्हणून टाकतो पाण्यात. सगळेच टाकतात."

"रोज?"

"पहिला आठवडा रोज. मग मधून मधून."

"डॉक्टरनं सांगितलं?"

"पिल्लं देणारा सांगतो."

बाई तिथंच खाली बसल्या, टाकीला टेकून. मला वाटलं ऊन लागलं. संगीता, माझी बायको, पाणी घेऊन धावली. बाईंनी तांब्या हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. "हे कुठल्या बोअरचं?" असं विचारलं. बोअर शेडपासून वीस पावलांवर होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि डब्यातून बाटल्या काढल्या. तूस घेतलं, टाकीचं पाणी घेतलं, तळ्याचं घेतलं. शेवटी म्हणाल्या, "हात दे." काडीच्या टोकाला गुंडाळलेला ओला कापूस त्यांनी माझ्या तळव्यावरून, बोटांच्या बेचक्यांतून फिरवला आणि नळीत घालून झाकण लावलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ये." एवढंच.

लॅबमध्ये टेबलावर दोन बशा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. बाईंनी माझ्या हातात नुसती प्लॅस्टिकची पट्टी दिली. मी वाकून बघितलं. पहिल्या बशीत आठ टिकल्या होत्या आणि पाच टिकल्यांच्या काठापर्यंत दाट पांढरट थर आला होता. मोजायला काही नव्हतंच. दुसऱ्या बशीतही तसंच. त्याच पाच टिकल्या.

"ही शेडातली असणार. अन् ही?" मी विचारलं.

"तुझ्या हातावरची," बाई म्हणाल्या.

मला आधी ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा पहिली गोष्ट आठवली ती म्हणजे मी सकाळी शेडमधून येऊन माझ्या दोन वर्षांच्या मुलीला दूध-भात भरवला होता. चमच्यानं नाही, हातानं.

"मी आजारी न्हाई, बाई," मी म्हणालो. 

"न्हाईसच. ते तुझ्या अंगावर नुसते बसून हायत. महिना राहतील, वर्ष राहतील. काही करणार न्हाईत. ज्या दिवशी जखम होईल, आपरेशन होईल, लेकराला निमोनिया होईल, त्या दिवशी आत शिरतील. अन् मग डॉक्टर औषध देत राहील अन् हे," त्यांनी बशीवर बोट टेकवलं, "हे असं होत राहील."

त्या दिवशी घरी आलो तर मुलगी नेहमीसारखी हात पसरून पळत आली. मी मागं सरलो. ती रडायला लागली. संगीता चिडून म्हणाली, "अहो, घ्या की लेकराला, काय करून राहिलात?" मी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, बोटांची कातडी जळजळेपर्यंत धुतले आणि तरीही तिला उचलताना तळवे लागू दिले नाहीत. मनगटांवर उचललं.

पावडर बंद केली. पण बंद करणं म्हणजे नुसती पिशवी फेकणं नव्हे, हे बाईंनी मला दोन महिने घोकून घेतलं. शेड रिकामी करून पंधरा दिवस मोकळी ठेवली. जमीन खरवडून चुना मारला. पाण्याच्या नळ्या आतून धुतल्या तर काळी शेवाळी निघाली, बाई म्हणाल्या, "बघ, ह्यातनं पाणी पाजून वर दवाई देत होतास." पाण्यात मोजून आम्ल घालायचं, म्हणजे वाइट जंतूंना ते मानवत नाही. खाद्यात बाईंची पलटण, म्हणजे पक्ष्यांसाठी मिळणारे चांगले जिवाणू. लसी वेळच्या वेळी. तूस रोज हलवायचं. पक्षी तीन हजारांऐवजी बावीसशे. शेडच्या चपला वेगळ्या, त्या घालून घरात यायचं नाही. आणि विष्ठा तळ्यात एक घमेलंभरही जाणार नाही. ती खड्ड्यात कुजवायची.

गावात सगळे हसत होते. माझे वडील हसत नव्हते. ते भिंतीकडं तोंड करून बसत, ते जास्त वाईट होतं.

नवी पिल्लं आणली, त्यांच्या अठराव्या दिवसापर्यंत सगळं बरं चाललं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर सहा पक्षी मेलेले. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी एकतीस. जिवंत होते ते पिसं फुगवून, मान आत ओढून उभे. श्वासाचा खर्रखर्र आवाज दारापर्यंत येत होता. संगीतानं कोपऱ्यात टाकलेली पावडरीची जुनी पिशवी शोधून आणली आणि माझ्यासमोर धरली.

"टाका. त्या बाईला काय जातंय? मरतुक आपल्या दारात हाय."

मी पिशवी घेतली. टाकीपाशी गेलो. पिशवीचं तोंड उघडलंसुद्धा. आणि तिथंच उभा राहिलो. टाकली तरी भीती, नाही टाकली तरी भीती. शेवटी मी बाईंना फोन केला. मनातून मला खात्री होती की त्या "काही झालं तरी टाकू नको" म्हणणार, आणि मग मी रागानं टाकणार होतो. मला राग काढायला कुणीतरी हवं होतं.

बाई दोन तासांत जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी मेलेले चार पक्षी उघडले. काळजावर पांढरी जाड साय धरली होती. नमुना लॅबला गेला. तोवर आजारी पक्षी वेगळे केले, पडदे वर केले, हवा खेळती केली. त्या दोन दिवसांत अजून सत्तर पक्षी गेले. बाई आमच्याकडंच मुक्कामाला होत्या. त्या मेलेले पक्षी मोजायच्या नाहीत. खड्ड्यात टाकताना मात्र प्रत्येक वेळी माझ्यासोबत यायच्या आणि चुना स्वतः पसरायच्या.

रिपोर्ट आला. ती पावडर बिलकुल लागू पडत नव्हती. टाकली असती तरी काही झालं नसतं. एक औषध मात्र चालत होतं.

"द्या," बाई डॉक्टरांना म्हणाल्या.

मी बघतच राहिलो. "बाई, तुम्हीच म्हणता दवाई—"

"मी दवाईची दुश्मन न्हाई रे!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की संगीता बाहेर आली. "आजारी जीव हाय, डॉक्टर समोर हाय, रिपोर्ट हातात हाय. आता न्हाई द्यायची तर कधी द्यायची? ह्याच दिवसासाठी तर तिला जपायचं असतं. तुम्ही ती रोजच्या चहासारखी पाजून संपवून टाकली, ही माझी तक्रार हाय."

डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, सांगितले तेवढे दिवस औषध दिलं. त्यानंतर अंगातलं औषध उतरायला ठरलेले दिवस थांबूनच पक्षी विकले. पुढच्या बॅचला औषध लागलंच नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. वडील भिंतीकडचं तोंड वळवून एक दिवस म्हणाले, "त्या बाईला मासे दे थोडे." तो त्यांचा समेट होता.

त्याच दिवसांत बाईंनी एकदा भर दुपारी फोन करून, ओळख न देता, "सापडला!" असं ओरडून सांगितलं होतं. लातूरच्या गटाराच्या पाण्यात त्यांना जंतूंना खाणारा विषाणू सापडला होता. माझ्या शेडमधल्या जंतूंच्या थरावर त्याचा थेंब टाकला तर थराला स्वच्छ भोकं पडली होती. मी म्हणालो, "मग आता हेच औषध!" तर लगेच आवाज खाली. "काचेतलं खरं हाय. शेडातलं मला अजून ठाऊक न्हाई. उगं खामखा गावभर करू नको." असं होतं त्यांचं. आनंदालाही पट्टी लावायच्या.

आता बाईंच्या बोटाचं सांगतो. ते सांगायचं टाळत इथवर आलो.

वडिलांनी द्यायला सांगितलेले मासे काढायला आम्ही जाळं ओढलं होतं. बाई काठावर होत्या. आधी तळ्याच्या पाण्याची बाटली भरून घेतली, नेहमीप्रमाणे. मग जाळ्यात अडकलेली एक तिलापिया सोडवायला हात घातला. तिच्या पाठीवरचा काटा बाईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात खोल घुसला. बाईंनी काटा उपसला, वाहत्या पाण्यात बोट धुतलं, साबण लावला, वर हसल्या. "तिनं पण नमुना घेतला माझा."

त्यांना साखर होती. तिसऱ्या दिवशी बोट काळसर निळं झालं आणि सूज मनगटाच्या वर चढली. मी लातूरला दवाखान्यात पोचलो तेव्हा बाई खाटेवर होत्या, हात उशीवर, आणि डोळे छताला. ताप होता. सलाईनमधून औषध चालू होतं, पण ते अंदाजानं. रिपोर्ट यायचा होता.

"लॅबमध्ये आपला माणूस हाय," त्या म्हणाल्या. "बशी बघून ये. कागद नको मला. पट्टी घेऊन जा. मोजून ये."

मी गेलो. तिथल्या माणसानं बशी दाखवली. बारा टिकल्या. मी पहिलीपासून सुरुवात केली. नाही. नाही. नाही. गवतात पडलेल्या बटणांसारख्या एकामागून एक.  अकराव्या टिकलीभोवती जागा होती. बाराव्या टिकलीला पुन्हा काही नाही. मी अकरावी तीन वेळा मोजली.

परत आलो तेव्हा बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"किती टिकल्यांना हाय?"

"एका."

"किती?"

"सोळा."

 एवढ्या वर्षांत त्यांनी असे आकडे दुसऱ्यांना दिले होते आणि कुठला आकडा काठावरचा असतो, हे त्यांच्याहून चांगलं त्या मजल्यावर कुणाला ठाऊक नव्हतं.

"बाई, तो गटारातला विषाणू? तो देता येणार न्हाई?"

"तो तुझ्या कोंबड्यांच्या जंतूला ओळखतो. माझ्या बोटातला वेगळा हाय. ज्याचा त्याचा शोधावा लागतो, मग शुद्ध करावा लागतो, मग माणसाला चालतो का ते बघावं लागतं. त्याला लई दिवस लागतात." त्यांनी डोळे उघडून हाताकडं बघितलं. "ह्या बोटाकडं दोनच हायत." मग माझी बाही धरली. सापाला न भिणारी ती बाई मला म्हणाली, "बस इथं. जाऊ नको. मला भ्या वाटून राहिलंय."

मी बसलो. दोन दिवस बसलो. ते औषध चालू केलं आणि बोट काढून टाकलं. सूज मनगटापाशी थांबली, मग उतरली. हात वाचला, बाई वाचल्या. औषधानं की बोट काढल्यानं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

घरी आणल्यावर मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो मला जेवू देत नव्हता. "बाई, हे माझ्या तळ्यातलं होतं का?"

त्या खोटं बोलल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचे पाय धरले असते. पण त्या म्हणाल्या, "ठाऊक न्हाई. त्या दिवशीची तळ्याची बाटली लॅबच्या फ्रीजमध्ये हाय. बघायचं का?"

बघितलं. तळ्यातल्या जंतूंची बशी आणि बाईंच्या बोटातल्या जंतूंची बशी. बारा आणि बारा टिकल्या. त्याच अकरा टिकल्या बंद, तीच एक उघडी. विष्ठा तळ्यात जाणं बंद होऊन कितीतरी महिने झाले होते. तरी ते गाळात बसून होते. मी दिलेलं सगळं त्यांच्या लक्षात होतं.

"जुळतंय," बाई म्हणाल्या. "पण सिद्ध झालं असं म्हणू नको. त्याला अजून बारीक तपासणी लागती."

"मला पुरे हाय एवढं," मी म्हणालो, आणि त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडलो. त्यांनी समजूत घातली नाही. उरलेल्या चार बोटांनी पट्टी धरायला जमतं का, ते त्या बघत होत्या.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "रडून झालं की लोकांना सांग. माझं नाव सांगू नको, नाव सांगितलं की लोक माझी कीव करत बसतील. तळं कुणाचं होतं ते सांग."

तेव्हापासून सांगतो. रेणापूरच्या बाजारात, शेडवाल्यांच्या बैठकीत, चहाच्या टपरीवर. काही ऐकतात, काही उठून जातात. एकानं तोंडावर विचारलं, "मग तुझे मासे अजून विकतोस का?" विकत नाही. तळं आटवलं, गाळ उन्हात तापायला काढलाय. किती उन्हाळे तापवला म्हणजे पुरे, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

बाई आता नांदेडला भाचीकडं असतात. हातानं फारसं काम होत नाही. गेल्या महिन्यात माझ्या मुलीला ताप भरला, लघवीला आग व्हायला लागली. ती आता पहिलीत आहे. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि नमुना तपासायला दिला. रिपोर्टला तीन दिवस. त्या तीन दिवसांत संगीता आणि मी एकमेकांशी धड बोललो नाही. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती आणि ती तोंडातून काढायची हिंमत दोघांनाही नव्हती. बाईंना मी कळवलं नव्हतं. संगीतानं कळवलं. पहिल्या दिवशी बाईंचा फोन आला, "ताप किती?" दुसऱ्या दिवशी फोन आला आणि आम्ही दोघं नुसते फोन कानाला लावून बसलो. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं अंग गार लागलं. तिनं उठून शिरा मागितला. दुपारी रिपोर्ट आला, चालू होतं तेच औषध लागू पडत होतं. मी दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला.

"लागू पडलं, बाई! लागू पडलं!"

 

"या वेळेला पडलं," बाई म्हणाल्या.